क्रेनबाईची बाटली

आमच्या जिन्यात कुठलीही बातमी आधी मला कळते आणि मग ज्याची असते त्याला. ही माझी बढाई नाही, जिन्याचा टोमणा आहे. पण एक बातमी अशी होती की ती सगळ्यांनी ऐकली, सगळे पोट धरधरून हसले, आणि ती खरी काय होती ते एकालाही कळलं नाही. कळलं तेव्हा मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत, एका बहिऱ्या म्हातारीच्या कानाशी तोंड नेऊन बसले होते, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! मला ओळखणाऱ्यांना एवढ्यावरूनच कळेल की काहीतरी भलतंच घडलं असणार.

समोरच्या घरातल्या धाकट्या सुनेची ही हकीकत. तिला सगळे क्रेनबाई म्हणतात. गावाबाहेरच्या ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाचे अजस्र रोलर बनतात, आणि ते इकडून तिकडे न्यायला छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन आहे. क्रेनच्या पोटाला लोंबणारी काचेची एक खोली, मोरीएवढी. त्या खोलीत ही बसते. खालचा माणूस हाताने खुणा करतो, ही वरून दांडे ओढते. फोरमन सांगतो, हिनं रोलर टेकवला तर शेजारच्या बाकावरच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. बाकीचे टेकवतात तेव्हा म्हणे कप शोधावा लागतो.

ती आधी तिथे नटबोल्ट निवडायला होती. मान वर करून क्रेनकडे बघत बसायची. क्रेनवरच्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं एकदा विचारलं, "काय गं, कावळा बघतेस का?" ही म्हणाली, "नाही, तुमची खुर्ची बघते." त्याला ते आवडलं. त्यानं शिकवलं. शिकवताना पहिला धडा दिला तो असा: "क्रेनवर दोन गोष्टी न्यायच्या नाहीत. एक राग आणि दुसरं पाणी. वर नेलेलं पाणी खाली आणावं लागतं."

पुरुषांचं काय, त्यांची सोय कोपऱ्यातल्या रिकाम्या डब्यात होते. हिला शिडी उतरायची, सगळं आवार ओलांडायचं, कचेरीच्या मागे बायकांच्या संडासात जायचं. तेवढा वेळ क्रेन उभी. क्रेन उभी की सगळं काम उभं, आणि एकूणएक पुरुष वर बघून समजणार की बाई कुठे गेली. त्यापेक्षा ही सकाळी घोटभर चहा घेऊन चढायची आणि संध्याकाळी घरी येऊन तांब्याच्या तांब्या रिचवायची. आम्ही म्हणायचो, उंट पाळलाय समोरच्यांनी.

घरात आधी आकांत झाला होता. सासू म्हणाली, "उंच सून हवी म्हटलं होतं मी. इतक्या उंचावरची नव्हे!" पण पुढे सासूसुनेचं असं गूळपीठ जमलं की बघतच राहावं. कारण सोपं होतं. सासूला ऐकू येत नाही, आणि कारखान्याच्या खडखडाटात ओरडून ओरडून हिचा आवाज झालाय भोंग्यासारखा. ही स्वयंपाकघरात "आई, मीठ कुठाय?" म्हणाली की वरच्या मजल्यावरची माणसं मीठ घेऊन खाली येतात. म्हातारी म्हणायची, "या घरात बाकी सगळे पुटपुटतात. बोलते ती ही एकटी."

तिसरं माणूस म्हणजे थोरली, क्रेनबाईची जाऊ. थोरली म्हणजे माझी जोडीदारीण. दिवसभर चहा आणि दिवसभर गप्पा. दोन्ही पोरं शाळेत गेली की हिचा दरबार जिन्यात. धाकटीवर तिचा भारी जीव. धाकटी कामावरून आली की आधी थोरलीच्या हातचं ताट, मग नवऱ्याचं तोंड. दोघींनी एकमेकींना कधी जाऊबाई म्हटलं नाही. "ताई" आणि "अगं ए", बस्स.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी क्रेनबाईचा पाळणा रिकामाच होता. आणि मग एकदाची गोड बातमी आली. म्हातारीला सांगायला सून एवढ्या जोरात ओरडली की म्हातारीच्या आधी रस्त्यापलीकडच्या वाण्याला कळलं. फोरमननं स्वतःहून तिला खाली आणलं, सामानाच्या कोठारात खुर्ची दिली. खुर्ची जमिनीवर, पंखा डोक्यावर, पाण्याचा माठ हाताशी. बाई खाली आली, पण सवय वरच राहिली. घसा कोरडा पडला तरी माठाकडे हात जाईना. थोरली रागवायची, तर म्हणायची, "ताई, संध्याकाळपर्यंत मला तहानच लागत नाही. शरीरानं शिकून घेतलंय."

आता ती बातमी. ती मला थोरलीनंच जिन्यात सांगितली, हातातला चहा हिंदकळत, डोळ्यांतून पाणी गळत.

दवाखान्यात पहिल्या तपासणीला दोघी गेल्या होत्या. खिडकीतल्या नर्सनं बाटली दिली, म्हणाली, लघवी भरून आणा. क्रेनबाई आत गेली. बाहेर आली. बाटली कोरडी. पुन्हा गेली. नळ सोडून बघितला, पाय हलवून बघितले. काही नाही. नर्स म्हणाली, "बाई, खिडकी बंद होईल. उद्या या मग." उद्या म्हणजे पुन्हा रजा.

"आणि इकडे माझी ही अवस्था!" थोरली सांगत होती. "सकाळपासून चहावर चहा. मी दाराशी नाचतेय. म्हटलं, अगं ए, आण इकडे ती बाटली. काय सोनं द्यायचंय का, लघवीच द्यायचीय. एकाच घरातलं खातो-पितो, तुझी काय नि माझी काय!"

"दिलीस?"

"काठोकाठ! नर्स म्हणाली, एवढी नको होती. आणि निकाल काय आला माहितीये? एकदम स्वच्छ! साखर नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी मार्क मिळवले बघ मी!"

हसून हसून आम्हाला जिन्यातच बसावं लागलं. पुढच्या खेपेला तर थोरलीनं घरूनच बाटली भरून नेली, पिशवीत फडक्यात गुंडाळून. म्हातारीलाही सगळं ओरडून सांगितलं, तीही हसली. म्हणाली, "थोरलीला आयतं बाळंतपण लागलं." जिन्यात कोणी थोरलीला भेटलं की विचारायचं, "काय, काय म्हणतोय तुझा निकाल?"

बाटली कशाला घेतात, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. तपासणीत वजन करतात, दंड आवळतात, बाटली घेतात. देवळात गेल्यावर घंटा वाजवतात तसं. घंटा कोणी का वाजवेना.

मग पोट चांगलं दिसायला लागल्यावर क्रेनबाईला लघवीला जळजळ व्हायला लागली. "उन्हाळी लागली असेल," आम्ही सगळ्या एकमुखानं म्हणालो. "पाणी पीत नाहीस, होणारच." नंतर कंबर दुखायला लागली. पोटुशीची कंबर नाही दुखणार तर कोणाची दुखणार? मग एका दुपारी कोठारातून लवकर घरी आली ती कुडकुडत. थोरलीनं पांघरुणं घातली, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. थोरली म्हणाली, पंख्याखाली बसून बसून थंडी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी होते, पेपर घ्यायला. समोरचं दार उघडं. क्रेनबाई भिंतीला धरून उभी. पोटावर हात, आणि चेहरा असा की कान देऊन काहीतरी ऐकतेय.

"ताई," ती आत बघून म्हणाली. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसरंच कोणी बोललं. "ताई, हलत नाहीये गं."

नवरा, थोरली आणि ती, तिघं जिना उतरून गेली. नवऱ्याच्या काखेत ती पिशवी होती, बाळाच्या कपड्यांची. बाळंतपणाची वेळ आली नव्हती, तरी घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

ती पिशवी तशीच परत आली.

मुलगी होती. दवाखान्यात यंत्र लावून ठोके शोधले, दुसरं यंत्र आणून शोधले, मग मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं, आणि त्यांनी यंत्रच बंद केलं. थोरली सांगते, यंत्र बंद केल्याचा जो टक्‌ आवाज झाला तो अजून कानात आहे. आणि त्यानंतर बाळंतपण मात्र सगळं करावं लागलं. तेच पाणी सुटणं, त्याच कळा. हे मला माहीतच नव्हतं. मी तीन पोरं काढली, अख्ख्या गल्लीच्या बाळंतपणांच्या गप्पा मारल्या, आणि मला वाटत होतं की मूल गेलं की कळाही जातात. जात नाहीत. सगळं तसंच असतं, फक्त शेवटी कोणी रडत नाही.

क्रेनबाईचा भोंगा त्या दिवशी बंद पडला. घरी आली ती कुजबुजायला लागली. पाणी दे, नको, बरं. एवढंच, आणि तेही ओठातल्या ओठात. म्हातारीला सुनेचे ओठ हललेले दिसायचे, पण ऐकू काही यायचं नाही. ती मला हाक मारायची, "अगं समोरची, ही काय म्हणते बघ गं!" अशी मी त्या घरात दुभाषी झाले.

म्हातारीनं आपला निकाल मात्र देऊन टाकला होता. "लोखंडानं खाल्लं माझं नातवंड. माकडासारखी शिड्या चढत होती सुरुवातीला. गर्भाला हिसके बसले." नवऱ्यालाही ते पटलं. त्याला काहीतरी हवंच होतं पटायला. तो म्हणाला, नोकरी सोड. क्रेनबाई भिंतीकडे बघत म्हणाली, "डॉक्टर काय सांगतात ते कळू दे. क्रेननं झालं असेल, तर मी पुन्हा शिडीला हात लावणार नाही." मी ते म्हातारीच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारीनं मान हलवली. सौदा ठरला.

दवाखान्यानं तपासण्यांना जे पाठवलं होतं त्याचा निकाल आल्यावर बोलावणं आलं. आम्ही चौघी गेलो. नवरा खाली रस्त्यावर थांबला, म्हणाला, मला वर येववत नाही. मी म्हातारीच्या उजव्या कानाशी. पलीकडे क्रेनबाई. थोरली दाराजवळच्या स्टुलावर, मांडीवर रिकामी पिशवी.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तेच सांगितलं. "क्रेनचा काही संबंध नाही. शिडीचाही नाही."

"क्रेनचा संबंध नाही म्हणतात!" मी ओरडले.

"मग कशाचा?" म्हातारी.

"जंतूंचा. वारेत, म्हणजे बाळाला ज्यातून पोषण मिळतं त्यात, जंतू सापडलेत. बाळापर्यंत पोहोचले होते. ताप आला तो त्याचाच होता."

"जंतू!" मी ओरडले. "जंतू झाले होते आत!"

म्हातारी ताठ झाली. "आमच्या घरात? मी रोज फरशी पुसून घेते!"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "आजी, हे फरशीवरचे नव्हेत. हे सगळ्यांच्याच पोटात असतात, तुमच्या, माझ्या. तिथे काही करत नाहीत. पण बायकांच्या लघवीच्या वाटेत शिरले, तर गरोदरपणात वर चढू शकतात. पाणी कमी प्यायलं, लघवी तुंबवून ठेवली, तर त्यांचं अधिकच फावतं." मग त्या क्रेनबाईकडे वळल्या. "तुम्ही त्या दिवशी दाखल झालात तेव्हा लघवी तपासली. जंतूंनी भरलेली होती. वारेत सापडले ते तेच जंतू."

मी हे सगळं तुकड्या-तुकड्यांत म्हातारीच्या कानात घालत होते.

"कोडं फक्त एकच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कित्येकदा हे जंतू सुरुवातीपासूनच असतात आणि बाईला काहीच जाणवत नाही. जळजळ नाही, दुखणं नाही. म्हणून तर आम्ही पहिल्याच खेपेला लघवी तपासतो. सापडले तर चार दिवस गोळ्या, संपलं. पण तुमची लघवी तर स्वच्छ होती. दोन्ही वेळा स्वच्छ."

दाराशी स्टूल पडलं.

थोरली उभी होती. तिचा चेहरा मी पंधरा वर्षं बघतेय, हसताना, भांडताना, पोरांना बदडताना. तो चेहरा तिथे नव्हताच. पांढरं काहीतरी होतं.

"ती माझी होती," ती म्हणाली.

"काय तुमची होती?" डॉक्टरीणबाईंना कळेना.

"बाटलीतली. तिला होत नव्हती. म्हणून मी... दोन्ही वेळा मीच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. कधीपासून ठेवायचंच होतं असं अगदी हळू ठेवलं. मला ते जिन्यातलं हसू आठवलं, पैकीच्या पैकी मार्क, फडक्यात गुंडाळलेली बाटली. तोच विनोद होता. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

म्हातारीनं माझा दंड धरला. "काय म्हणते थोरली? अगं समोरची, काय म्हणते ही?"

मी तोंड उघडलं. मिटलं. म्हातारी माझा दंड हलवायला लागली. "सांग ना गं! एरवी न विचारता सांगतेस!"

"बाटलीत माझी लघवी नव्हती!"

खिडकीची काच थरथरली असं मला वाटलं. व्हरांड्यातली कुजबुज बंद पडली. कोठारातून, छताखालून, रोलरांच्या खडखडाटावरून यायचा तो आवाज, क्रेनबाईचा. किती दिवसांनी. ती म्हातारीच्या पुढ्यात उभी होती, कानाशी वाकलीही नव्हती.

"ताईची होती, आई! माझी तपासलीच नाही कोणी! तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही हसला होतात! आपण सगळे हसलो होतो!"

म्हातारीला ऐकू आलं. सगळ्या मजल्याला ऐकू आलं.

कोणी रडलं नाही. रडणं म्हणजे काहीतरी करणं झालं, आणि आम्हाला काही करता येत नव्हतं. थोरलीनं विचारलं, "तेव्हा तिचीच दिली असती, तर वाचली असती का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही तुमच्याशी. जंतू तेव्हा असतीलही, नंतर आले असतील असंही होऊ शकतं. तेव्हाची तिची बाटली आपल्याकडे नाही." बाटली नाही म्हणजे नाहीच. हो म्हटलं असतं तर थोरली मेली असती, आणि नाही म्हटलं असतं तर सुटली असती. दोन्ही झालं नाही.

मग डॉक्टरीणबाईंनी नवी बाटली टेबलावर ठेवली. "आज मला तुमची हवी. तेव्हा दिलेल्या गोळ्यांनी जंतू गेले का ते बघायचंय. फक्त तुमची."

क्रेनबाई बाटली घेऊन गेली आणि परत आली. कोरडी. सकाळपासून घोटभर चहावर होती ती, जुनी सवय. व्हरांड्यात पाण्याचं पिंप होतं. ती त्याच्या शेजारच्या बाकावर बसली. थोरली दूर, जिन्याच्या तोंडाशी उभी होती, जवळ यायला पाय उचलत नव्हता आणि निघून जाववतही नव्हतं. क्रेनबाईनं तिच्याकडे न बघता पेला पुढे धरला.

"ओत."

थोरली आली. पेला भरला. क्रेनबाईनं संपवला, पुन्हा धरला. "ओत." थोरली कुठे ओततेय ते बघतही नव्हती, अर्धं पाणी जमिनीवर. पेला, आणखी पेला. मला वाटलं, ही पाणी पितेय की शिक्षा देतेय, आणि कोणाला? एकदा उमासा आल्यासारखं झालं, तोंडावर हात धरून थांबली, आणि पेला पुन्हा पुढे.

खिडकीतली नर्स म्हणाली, "बंद करायची वेळ झाली हं. उद्या या."

तेव्हा म्हातारी उठली. नर्सचं बोलणं तिला ऐकू आलं असणं शक्य नाही, झडप ओढणारा हात तेवढा दिसला. ती गेली आणि खिडकीच्या चौकटीत आपला कोपर ठेवला. "माझी सून पाणी पितेय," ती म्हणाली. "ही खिडकी बंद होणार नाही." नर्सनं खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. खिडकी उघडी राहिली.

क्रेनबाई आत गेली. बराच वेळ काही नाही. मग कडी वाजली. ती बाहेर आली, बाटली भरलेली. थोरलीचा हात सवयीनं पुढे झाला, घ्यायला. मधेच थबकला, मागे गेला, पदराखाली लपला. क्रेनबाईनं ते बघितलं. ती थोरलीजवळून चालत गेली आणि बाटली स्वतः खिडकीत ठेवली. नर्सनं नाव विचारलं. तिनं सांगितलं, पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

जिना उतरताना म्हातारी मधेच थांबली. "क्रेननं नाही झालं म्हणतात ना?"

"नाही, आई."

"मग चढ," म्हातारी म्हणाली. "पण पाणी घेऊन चढ."

आता क्रेनबाई पुन्हा वर जाते, खांद्याला पाण्याची बाटली अडकवून. दुपारच्या आत एकदा तरी क्रेन थांबते, ती शिडी उतरते, सगळं आवार ओलांडून कचेरीमागे जाते आणि परत येते. सुरुवातीला कोणीतरी शीळ घातली म्हणे. तिनं आवाराच्या मधोमध उभं राहून काय ते एकदाच ओरडून सांगितलं. पुन्हा कोणी घातली नाही.

थोरली अजून तिचं ताट वाढते. क्रेनबाई जेवते. दोघी एकमेकींशी बोलतात, भाजी, पोरं, वीज गेली, असं. पण जिन्यातला दरबार संपला. परवा मीच चहा घेऊन गेले, म्हटलं, ये गं, बस जरा. ती आली, बसली, कप हातात धरला. मी काहीतरी चावट बोलले, सवयीनं. तिचे ओठ हसायला हलले, आणि मग तिनं वर बघितलं, समोरच्या दाराकडे, कोणी ऐकलं तर नाही ना. कप तसाच ठेवून ती आत निघून गेली.